यादीत नसलेली फुफ्फुसं: नाशिकमधल्या एका अवयवदानाचं प्रकरण

फेब्रुवारीत, ओपीडी संपता संपता, दात्याचे वडील कागद न्यायला आले. अपघात विम्याच्या दाव्यासाठी त्यांना केस पेपरच्या सहीशिक्क्याच्या प्रती हव्या होत्या. द्राक्षाच्या औषधांच्या कंपनीची एक जाड प्लॅस्टिकची पिशवी होती, तिच्यातून त्यांनी एकेक कागद काढून माझ्या टेबलावर मांडला. एफआयआरची झेरॉक्स, पंचनामा, पोस्टमॉर्टेमचा अहवाल आणि सगळ्यात शेवटी लॅमिनेट करून आणलेलं अवयवदानाचं प्रमाणपत्र. त्यावरच्या ओळींवरून बोट फिरवत ते वाचत गेले. यकृत. दोन मूत्रपिंडं. दोन्ही डोळे. मग मान वर करून म्हणाले, "हृदयाचं तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं मॅडम, ते थकलं होतं म्हणून. पण फुफ्फुसं का नाही घेतली? आमचा पोरगा तर तंबाखूलासुद्धा शिवत नव्हता."

"मॅच झाली नाहीत," मी म्हणाले.

हे उत्तर धड खोटंही नव्हतं आणि खरं तर नव्हतंच. ते गेल्यावर मी रेकॉर्ड रूममधून फाइल मागवली. पुढे जे लिहिते आहे ते त्या फाइलमधून आणि माझ्या आठवणीतून आहे. मी भूलतज्ज्ञ आहे, आणि गेली तेरा वर्षं शहरातल्या एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग बघते. आमच्याकडे प्रत्यारोपण होत नाही, फक्त अवयव काढून घेण्याची परवानगी आहे. घरच्यांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील थोडे इकडेतिकडे केले आहेत, आकडे मात्र फाइलमधलेच आहेत.

मंगळवार रात्र ते गुरुवार रात्र

वय ३१. दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, लग्न झालेलं, एक मुलगी. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा, अंधार लवकर पडायचे दिवस. मागे रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर बाइक मागून आदळली. हेल्मेट घरी. रस्त्यावरच एकदा उलटी झाली होती, असं सोबत आलेल्या मेहुण्याने कॅज्युअल्टीत सांगितलं होतं. ते वाक्य केस पेपरवर आमच्याच आरएमओच्या, म्हणजे निवासी डॉक्टरच्या अक्षरात आहे. पुढचे ४० तास ते कुणी पुन्हा वाचलं नाही.

रात्री पावणेनऊला तो आमच्याकडे आला. ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे शुद्धीचा आकडा, पंधरापैकी ५. लगेच नळी टाकली, सीटी केला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताचा मोठा थर, मेंदू मध्यरेषेवरून सरकलेला. न्यूरोसर्जननी त्याच रात्री कवटी उघडून रक्त काढलं. त्यांनी करायचं ते सगळं वेळेत केलं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

फुफ्फुसांचं काम किती बरं चाललंय हे आम्ही एका भागाकाराने बघतो: रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब भागिले दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनचं प्रमाण. त्याला पी-एफ रेशो म्हणतात. निरोगी माणसाचा ४००च्या वर असतो. फुफ्फुसं दुसऱ्याला देण्याजोगी समजायची तर परंपरेने ३०० ही रेघ धरली जाते. या मुलाचे आकडे मी एका कागदावर ओळीने लिहून काढले:

मंगळवार रात्री साडेनऊ: ४१०.
बुधवार सकाळी सहा, शस्त्रक्रियेनंतर: ३४०.
बुधवार रात्री आठ, डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या फाकून स्थिर झाल्यावर: २८५.
गुरुवार सकाळी सात, पहिल्या अ‍ॅप्निया टेस्टनंतर (मेंदूमृत्यू ठरवतानाची श्वासाची चाचणी): २५०.
गुरुवार दुपारी अडीच, दुसऱ्या टेस्टनंतर, शंभर टक्के ऑक्सिजनवर: २१२.

आला तेव्हा त्याची फुफ्फुसं उत्तम होती. ती अपघाताने गेली नाहीत, आमच्या खाटेवर गेली. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

गुरुवारी दुपारी एकपर्यंत दोन्ही चाचण्या पूर्ण होऊन मेंदूमृत्यू जाहीर झाला. आमचा अवयवदान समन्वयक अनुभवी आहे. त्याने घाई केली नाही. आधी मृत्यू म्हणजे मृत्यू हे घरच्यांना नीट कळू दिलं, मग तासाभराने अवयवदानाचा विषय काढला. पत्नी भिंतीला टेकून बसली होती. निर्णय तिचा होता, कायद्याने आणि घरातल्या समजुतीनेही. तिने सासऱ्यांकडे बघितलं. ते म्हणाले, "जे जे कामाला येईल ते द्या." तिने नमुना ८ वर सही केली. माझ्या अनुभवात इतक्या स्पष्ट शब्दांत होकार क्वचितच मिळतो. जे जे कामाला येईल ते.

पुण्याच्या झेडटीसीसीला, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राला माहिती गेली. नाशिक त्यांच्या विभागात येतं. अवयव आधी विभागात, मग राज्यात, मग प्रादेशिक आणि राष्ट्रीय यादीत फिरतो. यकृत आणि एका मूत्रपिंडाला पुण्यात रुग्ण सापडला, दुसरं मूत्रपिंड नाशिकमध्येच राहिलं. फुफ्फुसांना राज्यात रक्तगट आणि छातीच्या मापाला जुळणारा रुग्ण मिळाला नाही, तेव्हा ती पुढे गेली आणि संध्याकाळी पाचला चेन्नईहून फोन आला. देशातली फुफ्फुस प्रत्यारोपणं मोठ्या संख्येने दक्षिणेत होतात, त्यामुळे हे नेहमीचंच.

पलीकडचे सर्जन अतिशय सभ्य होते. एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी, विचारली. मी आकडा सांगितला. "दोनशे बारा? शंभर टक्क्यांवर?" मग एक्स-रे मागितला. व्ह्यूबॉक्सवर लावून मोबाइलने फोटो काढला, त्यात वरच्या ट्यूबलाइटची तिरपी पट्टी उमटली होती. ती डाव्या फुफ्फुसावरचा डाग वाटेल म्हणून दिवा बंद करून पुन्हा काढला. डावीकडे खरंच फारसं काही नव्हतं. उजवीकडे खाली मात्र ट्यूबलाइटशिवायही पांढरं दिसत होतं. वीस मिनिटांनी त्यांचा निरोप आला: आम्ही पास करतो, म्हणजे नकार. नंतर आणखी एका केंद्राने फोनवरच नकार दिला.

आम्ही काय केलं होतं

आता फाइलमधला व्हेंटिलेटरचा तक्ता. टायडल व्हॉल्यूम, म्हणजे दर श्वासाला यंत्र किती हवा ढकलतं, ती ६०० मिली. मुलाचं वजन ८४ किलो, कुणीतरी (कुणीतरी कशाला, मीच) मनात सात-आठ मिली किलोमागे धरून आकडा टाकला. पण हा हिशेब प्रत्यक्ष वजनावर करायचाच नसतो, तो उंचीवरून काढलेल्या वजनावर करायचा असतो. माणूस सुटला म्हणून त्याची फुफ्फुसं मोठी होत नाहीत. उंची १६८ सेंटिमीटर, म्हणजे हिशेबाचं वजन ६४ किलो. सहा ते आठ मिलीने ३८५ ते ५१०. आम्ही देत होतो किलोमागे नऊच्या वर, ४० तास, मिनिटाला सोळा वेळा. हे प्रत्येक भूलतज्ज्ञाला परीक्षेत विचारतात आणि तो बरोबर उत्तर देतो.

पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुफ्फुसांत शिल्लक ठेवायचा दाब, ५ वर होता. डोक्याला मार असलेल्या रुग्णात पीप वाढवला तर कवटीतला दाब वाढेल ही भीती आमच्या पिढीच्या हाडात भिनलेली आहे. रक्तदाब सांभाळला तर ८ पर्यंतचा पीप बहुतेक रुग्णांना मानवतो, पण रात्रपाळीच्या डॉक्टरला ५ सुरक्षित वाटतो. ५ वर ठेवल्याबद्दल अजून कुणी कुणाला रागावलेलं नाही.

मग पाणी. बुधवारी संध्याकाळी मेंदूचा शेवटचा भाग चिरडला गेला, तेव्हा दोन गोष्टी झाल्या. आधी शरीरात अ‍ॅड्रेनलिनचं वादळ उठलं. रक्तदाब २२० वर गेला आणि वीस मिनिटांत ८० वर आला. हृदय त्यातच दमलं, दुसऱ्या दिवशी इकोत त्याचं पंपिंग ३५ टक्के होतं. त्या वादळात फुफ्फुसांच्या केशवाहिन्याही गळू लागतात. मागोमाग पिट्युटरी ग्रंथीचं काम थांबलं, लघवी धरून ठेवणारा संप्रेरक संपला आणि तासाला ६०० मिली लघवी व्हायला लागली. अशा वेळी व्हॅसोप्रेसिन, म्हणजे तोच संप्रेरक औषध म्हणून, लगेच सुरू करायला हवं. आम्ही सुरू केलं गुरुवारी सकाळी नऊला. मधले चौदा तास जेवढी लघवी तेवढी सलाइन, वर रक्तदाब पडला की आणखी अर्धा लिटर. गुरुवारी दुपारी जमाखर्चाच्या रकान्यात ४,८०० मिली जमा आहे. आधीच गळणाऱ्या फुफ्फुसांत आम्ही पावणेपाच लिटर पाणी ओतलं होतं.

कशासाठी? मूत्रपिंडांसाठी. "किडनी वाचली पाहिजे" हे त्या रात्री मी स्वतः सिस्टरला म्हटल्याचं मला आठवतं. तेव्हा अवयवदानाचा विषयही निघालेला नव्हता, मी रुग्णाच्याच किडनीबद्दल बोलत होते. पण सवय तीच. मूत्रपिंडांना ओल हवी, फुफ्फुसांना कोरडेपणा, आणि आमच्या शहरात वर्षानुवर्षं प्रत्यारोपण म्हणजे मूत्रपिंडच असल्यामुळे आमचा हात आपोआप सलाइनकडे जातो. काटेकोर पाणी ठेवून व्हॅसोप्रेसिन दिलं तर मूत्रपिंडांचं नुकसान होत नाही, हे स्पेनमधल्या डॉक्टरांनी आपल्या दात्यांच्या नोंदींवरून दाखवून दिलं आहे.

आणि अ‍ॅप्निया टेस्ट. मेंदूमृत्यू ठरवताना रुग्ण स्वतःहून श्वास घेतो का ते बघतात. व्हेंटिलेटर काढायचा, नळीतून बारीक कॅथेटरने ऑक्सिजन सोडायचा आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६०च्या वर जाईपर्यंत छाती हलते का यावर डोळे लावून बसायचं. आमच्याकडे पहिल्या वेळी तो नऊ मिनिटांत ४० वरून ६८ वर गेला. छाती हलली नाही. पण त्या नऊ मिनिटांत फुफ्फुसांतला उरलासुरला दाबही निघून जातो आणि खालचे कप्पे फुग्यासारखे चिकटून बसतात. चाचणी संपल्यावर ते दाबाने पुन्हा फुलवायचे असतात. आम्ही नळी जोडली, जुनेच आकडे ठेवले आणि फॉर्म भरायला बसलो. दुसऱ्या चाचणीनंतरही तेच.

शेवटी ती उलटी. गुरुवारी दुपारी चेन्नईच्या फोनआधी घाईघाईने ब्रॉन्कोस्कोपी केली, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून बघितलं, तेव्हा उजव्या खालच्या नळीत पिवळट, चिकट, घट्ट स्राव अडकलेला सापडला. ओढून काढला. तो बुधवारी सकाळीच काढता आला असता. त्या उलटीमुळे ब्रॉन्कोस्कोपी तेव्हाही लागत होतीच, दान असो वा नसो.

सहा तास

भारतात मेंदूमृत्यू चार डॉक्टरांनी, दोनदा तपासून जाहीर करायचा असतो. दोन तपासण्यांमध्ये किमान सहा तासांचं अंतर हवं. १९९४ चा कायदा आणि त्याचे नियम यात फार विचार आहे, तो नियम सैल व्हावा असं माझं अजिबात म्हणणं नाही. माझं म्हणणं त्या सहा तासांबद्दल आहे. पहिली चाचणी झाली की आयसीयूत एक विचित्र सुस्ती येते. सगळ्यांना माहीत असतं, पण कुणी म्हणू शकत नाही. फेऱ्या विरळ होतात, एक्स-रे उद्यावर जातो, फिजिओथेरपिस्ट त्या खाटेवरून पुढे जातो. आपण वाट बघत असतो.

इटली आणि स्पेनमधल्या बारा आयसीयूंमध्ये याच सहा तासांवर एक चाचणी झाली, २०१० साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. संभाव्य दाते ११८. निम्म्यांना तेव्हाची रूढ पद्धत: किलोमागे १० ते १२ मिली, पीप ३ ते ५, अ‍ॅप्निया टेस्टला व्हेंटिलेटर काढून. निम्म्यांना कमी हवा, ६ ते ८ मिली, पीप ८ ते १०, टेस्टच्या वेळीही नळीत दाब कायम, स्राव ओढतानाही सर्किट न उघडता. सहा तासांनी पहिल्या गटातली ५४ टक्के फुफ्फुसं निकषांत बसली, दुसऱ्या गटातली ९५ टक्के. प्रत्यक्ष काढली गेली २७ टक्के आणि ५४ टक्के. हृदय, यकृत, मूत्रपिंडं यांत काही फरक नाही. यंत्र तेच, औषधं तीच, खर्च शून्य. व्हेंटिलेटरची दोन बटणं फिरवायची.

मी हा लेख पूर्वी वाचला होता. एका कॉन्फरन्समध्ये त्यावर टाळ्याही वाजवल्या होत्या.

चेन्नईने नकार दिल्यावर, थोडा राग आणि थोडी लाज अशा अवस्थेत, मी जे सकाळी करायला हवं होतं ते केलं. पीप पायरीपायरीने १५ पर्यंत नेला, फुफ्फुसं उघडली, मग ८ वर आणून ठेवला. टायडल व्हॉल्यूम ४२०. लघवीवाटे पाणी काढणारं फ्युरोसेमाइड दिलं. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं. कुशीवर वळवलं, उजवी बाजू वर. ब्रॉन्कोस्कोपी पुन्हा एकदा. रात्री नऊला एबीजी लावला.

२९८.

मी समन्वयकाला फोन करायला सांगितला. तो म्हणाला, "मॅडम, ओटी अकराला आहे. पुण्याची टीम सिन्नरच्या पुढे आली." चेन्नईच्या टीमने तेव्हा विमान सांगितलं असतं तर त्यांना यायला निदान चार तास. ओझर विमानतळावर उतरण्याची परवानगी काढायची होती. हृदय खचत चाललं होतं, रक्तदाब धरून ठेवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढवावं लागत होतं, थांबलो असतो तर यकृतही गेलं असतं. शिवाय खाली पार्किंगमध्ये गावची चाळीस माणसं दुपारपासून थंडीत उभी होती. मेडिकोलीगल केस असल्याने पोलिसांची परवानगी, पोस्टमॉर्टेमचे डॉक्टर, सगळं अकराला बांधलेलं. नोव्हेंबर २०२१ पासून अवयवदानासाठी सूर्यास्तानंतरही पोस्टमॉर्टेम करता येतं म्हणून एवढं तरी जुळलं होतं. समन्वयकाने तरीही फोन केला. तिकडे कुणी उचलला नाही, किंवा उचलून नकार दिला, फाइलमध्ये त्याची नोंद नाही. पहाटे यकृत आणि मूत्रपिंड घेऊन रुग्णवाहिका पुण्याच्या रस्त्याला लागली. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, सगळीकडे पोलिसांनी चौक मोकळे ठेवले होते. फुफ्फुसं मुलाबरोबर गावाला गेली.

२१२ आणि ३०० यांच्या मधली जागा

ही घटना फक्त आमच्या चुकांची असती तर एवढं लिहिलं नसतं. चेन्नईच्या सर्जनचा नकारही समजून घ्यायला हवा.

बाकी बहुतेक अवयव शरीराच्या आत बंद असतात. फुफ्फुस हा उघडा अवयव, बाहेरची हवा, व्हेंटिलेटरचे जंतू, घशातली लाळ सगळं तिथवर पोचतं. म्हणून मेंदूमृत दात्यांत फुफ्फुसंच सर्वांत आधी नापास होतात. जगभरात बहुतेक ठिकाणी पाचातल्या चार दात्यांची फुफ्फुसं वापरली जात नाहीत. आपल्याकडे २०२३ साली मृत्यूनंतर अवयवदान करणारे १,०९९ दाते होते आणि फुफ्फुस प्रत्यारोपणं १९७. त्याच वर्षी मूत्रपिंडांची १३,४२६, त्यातली बहुतेक जिवंत नातेवाइकांकडून. फुफ्फुसाला तो आडमार्ग जवळजवळ नाहीच.

घेतलेली फुफ्फुसंही लाडाने राहत नाहीत. १९६३ मध्ये जेम्स हार्डी यांनी मिसिसिपीत माणसावर पहिलं फुफ्फुस प्रत्यारोपण केलं, रुग्ण १८ दिवस जगला. टिकाऊ यश यायला टोरांटोत १९८३ उजाडलं. आजही जगभरच्या नोंदींनुसार निम्मे रुग्ण साधारण साडेसहा वर्षांपर्यंत पोचतात, निम्मे त्याआधी जातात. पाच वर्षांत जवळपास अर्ध्या जणांची फुफ्फुसं हळूहळू नाकारली जाऊ लागतात, आणि त्यावर खात्रीचं औषध नाही. अशा वेळी सर्जन पहिल्या दिवसाची जोखीम कशाला घेईल? त्याच्या समोरचा रुग्ण ऑक्सिजनवर का होईना, जिवंत आहे.

तरी ३०० ही काही दगडावरची रेघ नाही. दाते कमी, रुग्ण कमी, अशा सुरुवातीच्या काळात जाणत्यांनी सावधपणे आखलेली ती रेघ. आता मोठी केंद्रं त्याखालची फुफ्फुसंही बघतात, तपासतात, बरीचशी वापरतात. फरक इतकाच की बघायला जावं लागतं. छाती उघडून हाताने चाचपायचं, कुठे कडक आहे, कुठे फुगत नाही, प्रत्येक फुफ्फुसाच्या शिरेतून वेगळं रक्त घेऊन तपासायचं. दाता चेन्नईतच असता तर ते सर्जन दोन तास देऊन बघून गेले असते, असं मला वाटतं. नाशिकचा २१२ आणि चेन्नईचा २१२ हे दोन वेगळे आकडे आहेत. हजार किलोमीटरवरून येताना विमानाचं भाडं, टीम, तिकडे भूल देऊन तयार ठेवलेला रुग्ण, एवढं पणाला लावून एका शंकास्पद छातीसाठी कोण येईल? आमच्यासारख्या शहरांतल्या फुफ्फुसांना काठावर पास होऊन चालत नाही.

इथेच नव्या तंत्रांचा खरा उपयोग आहे. फुफ्फुसं काढल्यावर बर्फात जेमतेम सहा तास टिकतात असं धरून सगळं धावतं. स्वीडनमधल्या लुंडला स्टीग स्टीन यांनी २००० साली आणि नंतर टोरांटोच्या गटाने २००८ पासून, फुफ्फुसं शरीराबाहेर पारदर्शक घुमटाखाली ठेवून, कोमट द्रव फिरवून, श्वास देऊन तपासायला सुरुवात केली. टोरांटोचे निकाल २०११ मध्ये आले. त्यात सुरुवातीला संशयास्पद वाटलेली वीस दात्यांची फुफ्फुसं अशी चार तास चालवून बसवली होती, आणि ती नेहमीच्या फुफ्फुसांइतकीच चालली. आमच्या मुलाचं २९८ अशा घुमटाखाली ठेवलं असतं तर त्याचं पाणी उतरलं असतं, कुणाच्या अंदाजावर काही अवलंबून राहिलं नसतं. पण ते यंत्र, त्याचा द्रव, ते चालवणारी माणसं हा सगळा प्रकार महाग आहे आणि तो नाशिकला येईल अशी मी वाट बघत नाही.

मला जास्त आशा दुसऱ्या, साध्या गोष्टीची वाटते. टोरांटो, व्हिएन्ना आणि माद्रिदच्या डॉक्टरांनी फुफ्फुसं बर्फाच्या ४ अंशांऐवजी १० अंशांवर ठेवून ७० रुग्णांत वापरली. बारा तासांहून जास्त वेळ ठेवूनही ती चांगली चालली. २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. १० अंश राखणारी पेटी. एवढंच. ओझरहून चेन्नईला विमानाने दोनेक तास, पुढे गाव ओलांडून ओटी. बारा तास हातात असतील तर रात्री नऊच्या २९८ला कुणीतरी "सकाळपर्यंत बघू" म्हणू शकेल.

दुसऱ्या टोकालाही नाशिकची माणसं आहेत, हे सांगायला हवं. पंचवटीतली एक शिक्षिका माझ्या ओळखीची आहे. फुफ्फुसं आकसत जाण्याचा आजार. भारतातल्या २७ केंद्रांनी १,०८४ रुग्णांची नोंद केली होती, त्यात अशा आजारांत सर्वांत जास्त, ४७ टक्के, श्वासातून आत जाणाऱ्या कशाच्या तरी अ‍ॅलर्जीचे निघाले, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या घरी कूलर होता. या बाईंच्या गच्चीवर कबुतरंही होती. प्रत्यारोपणाच्या यादीत त्यांचं नाव चेन्नईत आहे, म्हणून त्या नवऱ्याबरोबर तिथे भाड्याच्या खोलीत राहतात. फोन आला की तासाभरात पोचायचं, तेव्हा नाशिकमध्ये राहून चालत नाही. त्यांचा रक्तगट या मुलाशी जुळत नव्हता. मी ते फाइल मिटल्यावर तपासलं, तपासायला नको होतं.

शिक्का

एका कागदावर शिक्का राहिला होता म्हणून वडील पंधरा दिवसांनी परत आले. एका सहकाऱ्याने मला बजावलं होतं, "काही बोलू नकोस, उगाच केस होईल." त्याचं चुकत नव्हतं. मी तरीही त्यांना केबिनमध्ये बसवलं आणि आकड्यांचा कागद दाखवला. ४१० ते २१२. हवा जास्त दिली, पाणी जास्त दिलं, नळीतला स्राव उशिरा काढला, असं सरळ सांगितलं. मुलगा यामुळे गेला नाही, डोक्याच्या माराने गेला, हेही दोनदा सांगितलं.

ते बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे बागेला पाणी जास्त झालं."

मी काही बोलले नाही.

"माल उतरायला आला की पाणी तोडावं लागतं. नाही तोडलं तर मणी तडकतात. मग एक्सपोर्टवाला गेटवरूनच परत जातो, तुमची बाग वर्षभर कितीही चांगली असू द्या." थोडं थांबून विचारलं, "आता मोजता का पाणी?"

"मोजतो."

शिक्का मारून घेतला आणि ते गेले.

मोजतो हे खरं आहे. खाटेच्या पायथ्याला आता एक पान असतं. नळी टाकली की उंची मोजायची (टेप प्रत्येक ट्रॉलीला बांधली आहे, कारण पहिल्या महिन्यात ती तीनदा हरवली), आणि त्यावरून हवेचा आकडा वर लाल पेनने लिहायचा. हे पान व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णाला लागतं, न्यूमोनियाच्या आजोबांनाही. दानाचा शब्द त्यावर कुठेही नाही आणि तो असूही नये. माणूस जिवंत आहे तोवर जे करायचं ते त्याच्यासाठीच, आणि त्याच्यासाठी योग्य तेच नेमकं फुफ्फुसांसाठीही योग्य असतं. उलटीची नोंद असेल तर चोवीस तासांत ब्रॉन्कोस्कोपी. लघवी तासाला ३०० च्या वर गेली की सिस्टरने डॉक्टरला उठवायचं, मग रात्रीचे तीन वाजले असले तरी. अ‍ॅप्निया टेस्ट आम्ही आता नळीत दाब ठेवून करतो आणि संपली की फुफ्फुसं उघडतो. त्यावर आमच्या एका ज्येष्ठ फिजिशियननी नाक मुरडलं, चाचणीत काहीतरी गडबड होईल म्हणून. त्यांना दोन वेळा उभं राहून दाखवावं लागलं.

जूनमध्ये ४४ वर्षांच्या एका बाई आल्या, मेंदूत रक्तस्राव. तिसऱ्या दिवशी दुसरी चाचणी झाली. उंची १५५, हवा ३३०, पीप ८, पाण्याचा जमाखर्च जवळपास शून्य. शंभर टक्के ऑक्सिजनवरचा आकडा आला ३९२. एक्स-रे इतका स्वच्छ की मी तो दोनदा नाव वाचून बघितला.

समन्वयक खालून चाळीस मिनिटांनी वर आला. मोठा मुलगा तयार होता, माहेरचे नाही म्हणाले. सिस्टरने पानावर तासाची नोंद केली, ३३०, ८, आणि पान फाइलला लावलं.